घरचा सम्प आणि ओव्हरफ्लो: आधी दोन आकडे काढा, मग काच कापा

प्रश्न थोडक्यात असा: माशांची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत दोन ऑस्कर आणि एक सकर मासा. टांगता फिल्टर आता पुरत नाही, म्हणून खालच्या कपाटात काचेचा सम्प (फिल्टरचं सामान आणि पंप ठेवायची दुसरी टाकी) बसवायचाय. टाकी भरलेली आहे, भोक पाडलेलं नाही. तर पीव्हीसी पाइपचा सायफन (काठावरून पाणी ओढून खाली आणणारा भरलेला पाइप) करून पाणी खाली आणलं तर चालेल का, पंप कोणता घ्यावा, आणि लाइट गेली तर सगळं पाणी फरशीवर येईल का?

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. पंप चालू असताना नीट चालणारा सम्प कुणालाही बांधता येतो. सम्पची खरी परीक्षा दोनच वेळा होते: पंप बंद पडतो तेव्हा आणि पाणी खाली नेणारा पाइप बंद होतो तेव्हा. पहिल्या वेळी पाणी वरून खाली येतं आणि सम्प भरून वाहू शकतो. दुसऱ्या वेळी पंप पाणी वर ढकलत राहतो आणि टाकी वाहू शकते. आपल्याकडे लाइट जाणं ही नेहमीची गोष्ट, त्यामुळे पहिली परीक्षा महिन्यातून अनेकदा होणार हे धरूनच चला.

तुमच्या टाकीचा तळ १२२ गुणिले ४६, म्हणजे सुमारे ५६०० चौरस सेंटिमीटर. याचा अर्थ वरची पातळी एक सेंटिमीटर उतरली की साडेपाच लिटरहून थोडं जास्त पाणी खाली येतं. ही संख्या कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा: १ सेंमी म्हणजे ५.६ लिटर. आता पंप बंद झाल्यावर काय होतं ते बघा. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतलं पाणी खाली सोडणाऱ्या वाटेच्या, काठावरून वाहणारा पाण्याचा थर आधी उतरतो. तासाला १५०० लिटर पाणी ३० सेंटिमीटर रुंद काठावरून जात असेल, तर तो थर साधारण ८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे साडेचार लिटर. हे काहीच नाही. खरा धोका परतीच्या पाइपचा आहे. पंपाकडून वर जाणाऱ्या पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, आणि पंप थांबला की तोच पाइप उलटा सायफन होऊन टाकीतलं पाणी खाली ओढतो. तोंड ६ सेंटिमीटर खोल असेल तर ६ गुणिले ५.६, जवळपास ३४ लिटर. तोंड १ सेंटिमीटर खोल असेल तर सहा लिटरच्या आत. फक्त एक एल्बो वर-खाली फिरवण्याने हा फरक पडतो.

म्हणून परतीचं तोंड पाण्याच्या पातळीला लागूनच ठेवा. बरेच जण तोंड खोल ठेवतात आणि पातळीच्या जरा खाली पाइपला ३-४ मिलिमीटरचं भोक पाडतात, म्हणजे पातळी उतरली की तिथून हवा शिरून सायफन तुटतो. भोक जरूर पाडा, पण एकट्या भोकावर विसंबू नका. त्यात शेवाळ बसतं, गोगलगायीचं पिल्लू अडकतं. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच. झडपेत माशाच्या विष्ठेचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही. ज्या वस्तूने काम केलं नाही तर घरात पाणी होतं, ती वस्तू हिशेबात धरायची नाही. सम्प असा बांधा की भोक बंद, झडप निकामी, तरी पाणी सम्पमध्येच मावेल.

तुमच्या स्टँडच्या मधल्या पायाने जागा अडते असं गृहीत धरून मी ३० इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच उंच सम्प धरतो. काचेची जाडी वजा जाता आतला तळ सुमारे २२०० चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका सेंटिमीटरला २.२ लिटर. चालू स्थितीत पाणी २२ सेंटिमीटर ठेवलं तर वर १५ सेंटिमीटर रिकामे, साधारण ३३ लिटरची जागा. आता वरचा ३४ लिटरचा आकडा पुन्हा बघा. तोंड ६ सेंटिमीटर खोल ठेवलंत तर सम्प काठाला लागेल, पाइपमधलं पाणी मिळवलं तर सांडेलही. तोंड १ सेंटिमीटरवर आणलंत तर अर्ध्याहून जास्त जागा शिल्लक राहते. हा झाला पहिला आकडा.

दुसरा आकडा बहुतेक जण काढतच नाहीत. ओव्हरफ्लोचा पाइप तुंबला किंवा सायफन तुटला, तर पंप किती पाणी वर नेऊ शकतो? सम्प आतून काचेच्या पडद्यांनी कप्प्यांत विभागलेला असतो; पंपाच्या कप्प्यात जेवढं आहे तेवढंच. बाकीच्या कप्प्यांचं पाणी पडद्यांमागे अडलेलं असतं, ते पंपापर्यंत येत नाही. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा. २० सेंटिमीटर लांबीचा कप्पा, त्यात १८ सेंटिमीटर पाणी, आणि ५ सेंटिमीटरवर पंप हवा ओढू लागतो असं धरलं, तर वर जाणारं पाणी साडेसात लिटर. टाकीची पातळी तेवढ्याने दीड सेंटिमीटरसुद्धा वाढत नाही. चालू पातळीच्या वर तुम्ही ३ सेंटिमीटर मोकळे ठेवलेत तर ओव्हरफ्लो पूर्ण बंद पडला तरी फरशी कोरडी राहील. पंप कोरडा चालून खराब होईल, तो बदलता येतो.

हे दोन आकडे जुळले की बाकीच्या गोष्टी आवडीनिवडीच्या. जुळले नाहीत तर महागातला महाग ओव्हरफ्लो लावूनही झोप लागणार नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे: भोक की सायफन?

माझं मत स्पष्ट आहे. टाकी रिकामी करणं शक्य असेल तर भोक पाडा. भोक पाडलेल्या टाकीत पाणी गुरुत्वाकर्षणाने पडतं, त्यात तुटण्यासारखं काही नसतं. सायफनवाला ओव्हरफ्लो वर्षानुवर्षं चालू शकतो, पण त्याचा वरचा वाक पूर्ण भरलेला राहिला पाहिजे, आणि तिथे हवा साठत गेली की तो एके दिवशी थांबतो. दोन्ही पद्धती सांगतो, तुम्ही ठरवा.

भोक पाडण्याआधी काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे का ते तपासा. टफन्ड काचेला ड्रिल लावलं की अख्खी काच क्षणात चुरा होते, तिथे कसब उपयोगी पडत नाही. तपासायची सोपी रीत: लॅपटॉपच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, स्क्रीन काचेच्या मागे धरा आणि पुढून पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल थोडा फिरवत राहा. काचेत गडद पट्टे किंवा डाग दिसले तर ती टफन्ड आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे काचवाल्याकडून जोडून घेतलेल्या टाक्या बहुधा साध्या फ्लोट काचेच्या असतात, तरी तपासल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचं नाही.

टाकीच्या भोकात बसवून पाइप जोडायचा जो तुकडा असतो, हार्डवेअरच्या दुकानात ज्याला टँक निपल म्हणतात, तो पीव्हीसीचा घ्या, आणि भोकाचं माप त्या निपलवरून काढा. एक इंची निपल म्हणून भोक एक इंची, असं नसतं. आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्याहून २-३ मिलिमीटर मोठा डायमंड होल सॉ (काच कापणारा गोल कटर) आणा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत हे कटर मिळतात. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाइतकी लांब असू द्या. शक्य असेल तर मागच्या काचेत वरच्या बाजूला पाडा. तळाची काच सगळं वजन पेलत असते, तिला हात लावायची गरज नाही.

प्रत्यक्ष पाडताना टाकी पुढच्या काचेवर आडवी करा, म्हणजे ज्या मागच्या काचेत भोक पाडायचं ती वर, जमिनीशी समांतर आणि हाताशी येईल. काचेच्या दुसऱ्या बाजूने जाड चिकटपट्टी लावा, तिच्यामुळे शेवटी कपची उडत नाही आणि कापलेली चकती खाली आदळत नाही. भोकाच्या जागेभोवती घट्ट मळलेल्या कणकेचा गोल बांध घाला आणि त्यात पाणी भरा. कटर सुरुवातीला सरळ टेकवला तर काचेवर घसरत जातो. म्हणून थोडा तिरका धरून एका बाजूने चंद्रकोरीसारखी खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा. वेग कमी ठेवा. दाब अजिबात देऊ नका, ड्रिलच्या स्वतःच्या वजनाने जेवढं कापेल तेवढं कापू द्या. बांधातलं पाणी दुधासारखं पांढरं होतं, ती काचेची पूड. अधूनमधून कटर उचलून पाणी बदला. शेवटच्या मिलिमीटरला आवाज बदलतो, खरखर जाऊन जरा पोकळ ऐकू येतं. तिथे हात आणखी हलका करा. पाणी आणि वीज एकत्र असल्याने बॅटरीवरचं ड्रिल वापरा, आणि वाळलेली पूड झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून टाका. ती छातीत जाणं वाईट.

निपलचा रबर वॉशर त्याच्या रुंद कडेखाली, पाण्याच्या बाजूला येतो. नट हाताने घट्ट करून वर पाव वळसा द्या, पाना लावून आवळू नका. काच तिथेच तडकते.

एकच भोक पाडून थांबू नका. दोन पाडा. एकातून सगळं पाणी जाईल, दुसरा पाइप त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर उंच ठेवा, तो एरवी कोरडाच राहील आणि पहिला तुंबला तरच कामाला येईल. पहिल्या पाइपवर खाली सम्पजवळ व्हॉल्व्ह बसवून तो इतका आवळायचा की पाइप पूर्ण भरून वाहील, त्यात हवा शिरणार नाही. समुद्री टाकीवाले या मांडणीला हर्बी म्हणतात. हिचा मोठा फायदा शांतता. पाइपमध्ये हवा आणि पाणी एकत्र पडलं की संडासाच्या फ्लशसारखा घळघळ आवाज येतो, आणि दिवाणखान्यात तो रात्रंदिवस ऐकवत नाही. पाइप पूर्ण भरलेला असेल तर आवाजच नसतो. तीन भोकांची बीन अॅनिमल पद्धत याहून सुरक्षित आहे, पण तासाला १५०० लिटरसाठी मला तिची गरज वाटत नाही. व्हॉल्व्ह पीव्हीसीचाच घ्या. पितळेचा गेट व्हॉल्व्ह दुकानात पटकन मिळतो, त्याने पाणी बारीक साधता येतं, पण पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं. तुमच्या ऑस्करना लगेच काही होणार नाही, पुढे कधी कोळंबी किंवा गोगलगाय ठेवलीत तर ती जगणार नाही.

सम्पमध्ये उतरणाऱ्या पाइपचं टोक पाण्यात २ सेंटिमीटरच बुडवा. खोल बुडवलं तर लाइट परत आल्यावर पाइपमध्ये अडकलेली हवा बाहेर ढकलायला पाण्याला जोर पुरत नाही आणि सायफन सुरू व्हायला उशीर लागतो. तेवढ्या वेळात वरची पातळी चढते.

आता सायफनचा मार्ग, समजा टाकी रिकामी करायचीच नसेल.

त्याची रचना अशी. टाकीच्या आत एक उभा पाइप, वरचं तोंड उघडं, ते पाण्याच्या पातळीला. हा पाइप खाली जातो, तळाशी वळून पुन्हा वर येतो, काठ ओलांडून बाहेर उतरतो, बाहेरही खाली जाऊन वळतो, वर येतो आणि टीमध्ये, म्हणजे इंग्रजी टी आकाराच्या तीन तोंडी जोडात, उघडतो. टीचं वरचं तोंड हवेला खुलं, आणि बाजूच्या तोंडातून पाणी सम्पकडे जातं. दोन्ही बाजूंना इंग्रजी यू आकाराचे वाक असल्यामुळे पंप बंद पडला तरी दोन्हीकडे पाणी अडून राहतं, वरच्या वाकात हवा शिरत नाही, आणि लाइट आली की प्रवाह आपोआप सुरू होतो. यासाठी आतल्या वाकाचा तळ बाहेरच्या टीच्या पातळीपेक्षा बराच खाली हवा. निदान १० सेंटिमीटर.

इथे एक गोष्ट भोकाच्या पद्धतीच्या नेमकी उलट आहे. भोकासाठी पाइप मोठा घेतला की बरं. सायफनसाठी नाही. पाण्यात बारीक बुडबुडे कायम असतात, ते वरच्या वाकात साठू पाहतात, आणि प्रवाहाला वेग असेल तरच ते पुढे ढकलले जातात. दोन इंची पाइपमधून तासाला १५०० लिटर सोडलं तर वेग सेकंदाला जेमतेम २० सेंटिमीटर. साधे बुडबुडे जवळपास त्याच वेगाने वर चढतात, म्हणजे ते तिथेच राहणार. उलट सगळं पाणी एकाच एक इंची पाइपमधून काढायचं म्हटलं तर इतक्या एल्बोंमधून ते ढकलायला पातळीत मोठा फरक लागतो, माझ्या हिशेबाने ३० सेंटिमीटरच्या आसपास, जो तुमच्या टाकीत सोयीचा नाही. म्हणून एक इंची पाइपचे दोन स्वतंत्र सायफन करा. प्रत्येकात ७५० लिटर, वेग सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या वर, आणि बाहेरची टी आतल्या तोंडापेक्षा ८ ते १० सेंटिमीटर खाली ठेवली की काम होतं. शिवाय एक तुटला तर दुसरा थोडं पाणी तरी ओढत राहतो.

आतल्या उघड्या तोंडावर ५० ते २५ मिलिमीटरचा रिड्यूसर (मोठा पाइप लहान पाइपला जोडणारा तुकडा) उलटा बसवा. तोंडाचा घेर वाढतो, पाण्याचा थर पातळ पडतो, पृष्ठभागावरचा तेलकट तवंग चांगला ओढला जातो. त्यावर प्लॅस्टिकची जाळी हवीच. आणि तुमच्याकडे ऑस्कर आहेत हे विसरू नका. ऑस्कर आवडली नाही ती वस्तू तोंडाने ढकलून हलवतो, हीटर उपटतो, पाइपला धडका देतो. काठावर पाइप क्लिपने पक्का करा, नुसता अडकवून ठेवू नका.

वरच्या वाकात सगळ्यात उंच जागी बारीक भोक पाडून एअर पंपाची नळी चिकटवा आणि तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. सुरुवातीला तोंडाने किंवा सिरिंजने हवा ओढून घेतली की सायफन सुरू होतो. छोटा पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा पंप) असेल तर ही नळी त्याच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला जोडा, म्हणजे साठलेली हवा तो सतत ओढत राहील. वरचा वाक शक्यतो पारदर्शक नळीचा ठेवा. त्यात हवेचा कप्पा दिसू लागला की दुरुस्तीची वेळ झाली हे बघताक्षणी कळतं.

पाइप जोडताना सॉल्व्हंट सिमेंट टाकीबाहेरच्या, दाबाखालच्या जोडांना आणि सायफनच्या जोडांना; सायफनचा जोड गळला तर त्यातून हवा शिरते किंवा पंप बंद असताना टाकीतलं पाणी खाली जात राहतं. टाकीच्या आतले बाकीचे आणि सम्पमधले जोड नुसते दाबून बसवा. ते गळले तरी पाणी पाण्यातच पडतं, आणि पुढे पातळी जुळवताना, साफ करताना ते निघावे लागतात. सिमेंट लावलेले जोड एक दिवस वाळवून धुऊन घ्या.

सम्पची काच ६ मिलिमीटरची पुरते. काचवाल्याला कडा घासून द्यायला सांगा. मधले पडदे ५ मिलिमीटरचे. पडद्यांचं माप देताना आतली रुंदी मोजा आणि तीन मिलिमीटर कमी सांगा. बाहेरून ३० सेंटिमीटरचा सम्प आतून २८.८ असतो, तेव्हा पडदा २८.५. अगदी नेमका कापलेला पडदा तिरका करून आत घालताना अडकतो, आणि सिलिकॉनला जागाच राहत नाही. अॅक्रिलिकचे पडदे टाळा. सिलिकॉन त्याला नीट धरत नाही, आणि काही महिन्यांत पत्रा वाकतो.

सिलिकॉन घेताना ट्यूबवर बुरशीरोधक, बाथरूमसाठी असं काही लिहिलेलं असेल तर ती ट्यूब खाली ठेवा. बुरशी मारणारं रसायन माशांनाही मारतं. साधं, भरणा नसलेलं, वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चालतं. काच आधी अॅसिटोनने पुसून घ्या, पुसल्यावर बोट लागू देऊ नका. सांधे एका दमात पूर्ण करा, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन पक्कं बसत नाही. पाणी भरण्याआधी आठवडाभर थांबा. वास पूर्ण गेला पाहिजे.

कप्प्यांची मांडणी साधी ठेवा. पाणी पहिल्या कप्प्यात उतरेल, तिथे जाड स्पंज आणि वर ट्रेमध्ये पांढरा फ्लॉस (बारीक कचरा गाळणारा कापसासारखा थर). नंतर जैविक कप्पा, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंचा, तो सगळ्यात मोठा. शेवटी पंपाचा. पहिल्या कप्प्यात एक सोय लक्षात ठेवून करा: फ्लॉस पूर्ण तुंबला तरी पाण्याला वरून पुढच्या कप्प्यात जायला वाट हवी. ऑस्करचा कचरा जाड, फ्लॉस दोन-तीन दिवसांत चोंदतो, आणि वाट नसेल तर पहिला कप्पाच भरून बाहेर वाहतो. तेव्हा ट्रेची कड सम्पच्या कडेपेक्षा निदान चार सेंटिमीटर खाली ठेवा.

पंपाच्या आधी बुडबुडे अडवणारे तीन पडदे लागतात: पहिल्यावरून पाणी जातं, दुसऱ्याखालून, तिसऱ्यावरून. सगळीकडे यातलं अंतर एक इंच सांगतात. थोडं वाढवा. ३० सेंटिमीटर रुंदीत २.५ सेंटिमीटरच्या फटीतून तासाला १५०० लिटर जाताना पाणी सेकंदाला साडेपाच सेंटिमीटरने खाली जातं, त्यामुळे बारीक बुडबुडे सोबत ओढले जातात. फट ४ सेंटिमीटर केलीत तर वेग साडेतीनवर येतो आणि त्यातले बरेच वर निसटतात. वरची टाकी धुरकट, बुडबुड्यांनी भरलेली दिसते तेव्हा दोष बहुतेक या फटीत किंवा सम्पमध्ये उंचावरून पडणाऱ्या पाण्यात असतो.

जैविक कप्प्यात काय भरायचं याची फार चर्चा होते. सिरॅमिक रिंग, लाव्हा दगड, बायोबॉल, भांडी घासायचे प्लॅस्टिकचे काथे, सगळं चालतं. धातूचे काथे मात्र नाहीत. जिवाणूंना बसायला पृष्ठभाग हवा आणि त्यांच्याकडे प्राणवायू असलेलं पाणी सतत जायला हवं. दगड महाग आहे की स्वस्त, याने फारसं अडत नाही. तो गाळाने माखलेला असेल तर अडतं. म्हणून आधीचा स्पंज चांगला ठेवा, आणि माध्यम, म्हणजे कप्प्यात भरलेलं हे सामान, धुवायचं ते टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात.

पंप. तुमच्या टाकीत आणि सम्पमध्ये मिळून २९० लिटरच्या आसपास पाणी होईल. तासाला पाचपट फिरलं तर ऑस्करसाठी ठीक, म्हणजे साधारण १५०० लिटर. पण खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सम्पपासून टाकीच्या काठापर्यंत १.३ मीटर चढण धरा. खोक्यावर ३००० लिटर आणि कमाल उंची ३ मीटर लिहिलेला पंप त्या उंचीला सरळ हिशेबाने १७०० देईल, एल्बोंमुळे आणखी थोडं कमी. तोच घ्या. बसवल्यावर दहा लिटरची बादली परतीच्या तोंडाखाली धरून मोबाइलवर वेळ लावा. २४ सेकंदांत भरली तर तासाला १५०० लिटर. मोठा पंप घेऊन व्हॉल्व्हने दाबण्यापेक्षा योग्य पंप घेणं वीजबिलाच्या दृष्टीने बरं, आणि इन्व्हर्टरवर तो जास्त वेळ टिकतो.

लहान पंपकप्प्याचा एक तोटा सांगायला हवा. बाष्पीभवनाने घटणारं पाणी सगळं याच कप्प्यातून कमी होतं, बाकीच्यांची पातळी पडद्यांनी धरलेली असते. नागपूर-संभाजीनगरच्या एप्रिलमध्ये उघड्या टाकीतून रोज तीन-चार लिटर सहज उडतात, म्हणजे दोन दिवस घर बंद ठेवलंत तर पंप कोरडा. उपाय म्हणून शेजारी दहा लिटरचा कॅन ठेवा आणि छोटा फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की उघडणारी तरंगती झडप) लावून त्यातून पाणी येऊ द्या. फ्लोट अडकला तरी दहाच लिटर येतील, आणि ते मावायला जागा आहे. फ्लोट थेट घरच्या नळाला कधीही जोडू नका. हीटर लागत असेल, नाशिक-पुण्याच्या थंडीत लागतो, तर तो जैविक कप्प्यात ठेवा. तिथली पातळी उतरत नाही, म्हणून तो उघडा पडत नाही.

सगळं जोडून झालं की माशांशी संबंध येण्याआधी दोन चाचण्या घ्या. पाणी चालू ठेवून वर आणि खाली पातळीला पट्टी चिकटवा. मग स्विच बंद करा आणि सम्प किती चढतो बघा, थांबेल तिथे दुसरी पट्टी लावा. नंतर पुन्हा चालू करा आणि काहीही हात न लावता प्रवाह आपोआप सुरू होतो का ते पाहा. हे चार-पाचदा करा. दुसरी चाचणी धीराची: ओव्हरफ्लोच्या तोंडात फडकं कोंबा आणि पंप चालू ठेवून बघत उभे राहा. टाकी काठाखाली थांबली आणि पंप हवा ओढू लागला की लगेच बंद करा. हिशेब बरोबर निघाला. सम्पवर खालच्या पट्टीशेजारी ठळक लिहा, चालू असताना याच्या वर पाणी भरू नये. घरातलं कुणीतरी मायेने कमी दिसतंय म्हणून बादलीभर ओततं, आणि मग लाइट गेली की सम्प वाहतो.

वायरी कपाटात वरून येत असतील तर प्रत्येक वायरीला प्लगच्या खाली एक झोका सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. प्लग बोर्ड सम्पच्या काठापेक्षा उंच आणि बाजूला. या लाइनला ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असायलाच हवी. नसेल तर सम्पच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

शेवटी टांगत्या फिल्टरचं. सम्प चालू झाला म्हणून तो त्या दिवशी काढू नका. नव्या माध्यमावर जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात, आणि दोन ऑस्करचा अमोनिया तोवर थांबत नाही. जुना फिल्टर चालू राहू दे, त्यातला अर्धा स्पंज न धुता सम्पच्या जैविक कप्प्यात टाका. खाणं थोडं कमी करा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर सलग शून्य आले, की मग जुना फिल्टर काढा आणि त्याचा उरलेला स्पंजही खालीच ठेवून द्या.